इन्सुलिन प्रोजेक्ट: वॉर्डातल्या नोंदी

10 जून 2024

शेवटी कमिटीने हो म्हटलं. मेडिसिन वॉर्ड आणि एमआयसीयू (मेडिसिनचं आयसीयू) एवढंच घ्यायचं, आणि औषधांच्या सगळ्या चुका नाही, फक्त इन्सुलिन. मेट्रन मॅडमचं म्हणणं पडलं की "मेडिकेशन सेफ्टी" असं मोठं नाव द्या म्हणजे हॉस्पिटलांना दर्जाची मान्यता देणाऱ्या एनएबीएचच्या फाइलमध्ये पण खपेल, नाव देऊ की, काम मात्र इन्सुलिनचंच.

का इन्सुलिन ते इथे लिहून ठेवते, नाहीतर सहा महिन्यांनी कोणालाच आठवणार नाही. मागच्या महिन्यात मेडिसिनला एका आजोबांची शुगर दोन दिवस खालीच येईना. राऊंडला डोस 20 युनिट होता तो 30 केला, तरी एचजीटी (बोट टोचून बघितलेली शुगर) तीनशेच्या वरच. तिसऱ्या दिवशी रात्रीच्या सिस्टरने तेवढेच 30 दिले आणि पहाटे आजोबा घामाने थबथबलेले, शुगर चाळीसच्या आसपास, डी25 (ग्लुकोजचं इंजेक्शन) ढकललं, शुद्धीवर आले, नंतर बरे होऊन घरी पण गेले. मेमो मिळाला रात्रीच्या सिस्टरला.

आता गंमत बघा. वॉर्डात संपल्या म्हणून तिने सिरिंज शेजारच्या वॉर्डातून आणल्या होत्या, त्या लाल टोपीच्या, म्हणजे 40 च्या, एका मिलीत 40 युनिट असलेल्या इन्सुलिनसाठीच्या. व्हायल (औषधाची बाटली) पण 40 ची. म्हणजे तिने दिले ते खरेच 30 युनिट. त्याआधी दोन दिवस सगळे वापरत होते ते केशरी टोपीच्या, 100 च्या, मिलीला 100 युनिटवाल्या. 40 च्या व्हायलमधून 100 च्या सिरिंजने 20 ओढले तर हातात येतात 0.2 मिली, म्हणजे फक्त 8 युनिट. 30 ओढले तर 12. म्हणजे दोन दिवस आजोबांना निम्म्याहून कमी औषध जात होतं, डॉक्टर त्या खोट्या आकड्यावर डोस चढवत होते आणि ज्या एकीने बरोबर डोस दिला तीच अडकली.

हे सगळं चार दिवसांनी कचऱ्यातल्या टोप्या बघून कळलं, चार्टवर सगळं बरोबरच लिहिलेलं होतं.

12 जून

फ्रिज बघितला. खरं सांगायचं तर फ्रिज बघूनच अर्धा रिपोर्ट लिहून होतो. दारातल्या कप्प्यात साधं इन्सुलिन 40 ची व्हायल, तिच्याच शेजारी ग्लार्जिनची (दिवसभर चालणारं इन्सुलिन) 100 ची व्हायल, दोन्ही तेवढ्याच उंचीच्या, दोन्हीवर बारीक अक्षर, एकावर चिकटपट्टी लावून पेशंटचं नाव लिहिलंय तर नेमका आकडाच झाकला गेलाय. ट्रॉलीच्या खणात लाल, केशरी सिरिंज एकत्र, आणि वर 1 मिलीच्या ट्युबरक्युलिन सिरिंज, त्यांच्यावर पण शंभर बारीक रेघा, घाईत बघितलं तर 100 चीच वाटते.

टोपीचा रंग हे एकमेव ठळक चिन्ह आणि सिरिंज वापरायची तर पहिलं काम काय, टोपी काढून टाकायची. मग उरतं ते नळीवर छापलेलं 40 किंवा 100, ते रात्री ट्रॉलीवरच्या त्या पिवळट दिव्यात, चाळिशी ओलांडलेल्या डोळ्यांना. इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या "मला तर दिवसा पण चष्म्याशिवाय दिसत नाही हो."

बहुतेक जगाने 40 चा प्रकार केव्हाच सोडला, सगळीकडे 100. आपल्याकडे व्हायल जास्त करून 40 ची आणि पेनची कार्ट्रिज 100 ची, त्यात काही नवीन इन्सुलिनच्या व्हायल पण 100 च्या. उलटी चूक जास्त भयानक आहे, 100 ची व्हायल आणि 40 ची सिरिंज, तर 20 म्हणून 50 युनिट जातात. अडीचपट, दोन्ही बाजूंनी अडीचच.

18 जून

ॲडमिनकडून सर्क्युलर आलं. "सर्व नर्सिंग स्टाफने इन्सुलिन देताना योग्य ती दक्षता घ्यावी." खाली सह्या घ्यायच्या. सगळ्यांनी सह्या केल्या, मी पण केली.

परचेसच्या साहेबांशी वाद झाला. त्यांचं म्हणणं, सिस्टरना बेसिक गोष्ट कळत नसेल तर ट्रेनिंग द्या, मी कशाला पुरवठादार बदलू. मी म्हटलं सर, लाल संपल्या म्हणून तुमच्याकडूनच केशरीचा बॉक्स वॉर्डला आला, इंडेंटवर (मागणीच्या कागदावर) नुसतं "इन्सुलिन सिरिंज" लिहिलेलं होतं आणि स्टोअरला जे हाताशी होतं ते त्यांनी दिलं, यात एकट्या सिस्टरची चूक कुठून काढणार. जेम्स रीझन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने हेच सांगितलंय, चिझच्या चकत्या एकामागे एक ठेवल्या तर प्रत्येकीला भोकं असतात, सगळी भोकं एका रेषेत आली की अपघात आरपार जातो. आमच्या केसमध्ये इंडेंट, स्टोअर, ट्रॉली, दिवा, राऊंड, एवढ्या चकत्यांतून ते गेलंय आणि मेमो फक्त शेवटच्या चकतीला.

साहेब म्हणाले बघू.

26 जून

आज संध्याकाळी सातपासून नऊपर्यंत वॉर्डात नुसती उभी राहून बघितलं. एचजीटी आणि इन्सुलिनची वेळ, जेवणाची ट्रे येण्याची वेळ, नातेवाईक भेटायची वेळ आणि आठची ड्यूटी बदलायची वेळ, चारही एकावर एक. सिस्टर व्हायल उलटी धरून ओढतायत आणि मागून "सिस्टर, सलाईन संपलं", फोन वाजतोय, आरएमओ (ड्यूटीवरचा डॉक्टर) विचारतोय सात नंबरच्या बेडचा एक्स-रे आला का, एक मामा स्ट्रेचर घेऊन उभे, आणि ओव्हर घेणारी दुसरी सिस्टर पर्स ठेवायला जागा शोधतेय. एका डोसला तिला तीन वेळा वर बघावं लागलं. मी तिथे हात बांधून उभी, मलाच घाम फुटला.

यावर अभ्यास आहे, सिडनीच्या दोन हॉस्पिटलांत 98 नर्सेसचं निरीक्षण केलं होतं, 2010 ला छापून आला. दर एका व्यत्ययामागे क्लिनिकल चुका (चुकीचं औषध, चुकीचा डोस अशा) जवळपास 12.7 टक्क्यांनी वाढलेल्या दिसल्या. म्हणून काही देशांत औषध देताना नर्स लाल किंवा पिवळा एप्रन घालते, "मध्ये बोलू नका" लिहिलेला. मी आयडिया सांगितली तर सगळ्या जणी हसल्या. "आमच्याकडे एप्रन बघून उलट जास्त लोक येतील विचारायला, की काय झालं म्हणून." बरोबर आहे त्यांचं.

मग त्यांनीच सुचवलं ते जास्त बरं निघालं. भेटायची वेळ अर्धा तास आधी संपवायची, सात ते साडेसात बेल आणि फोन एकच मावशी बघणार, आणि इन्सुलिन नर्सिंग स्टेशनवर भरायचं नाही, ट्रीटमेंट रूममध्ये ट्यूबलाइटखाली भरायचं. मावशींना हे काम इतकं आवडलं की नातेवाईकांना त्या वॉर्डबॉयपेक्षा कडक निघाल्या.

4 जुलै

रिपोर्टिंगची मीटिंग. मला वाटलं होतं की फॉर्म सोपा केला, नाव लिहायची सक्ती काढली, की लोक चुका आणि "थोडक्यात वाचलं" वाले प्रसंग लिहायला लागतील. पण 1 तारखेला भारतीय न्याय संहिता लागू झालीय, आणि सगळ्यांच्या व्हॉट्सॲपवर कलम 106 फिरतंय. निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर पाच वर्षांपर्यंत, नोंदणीकृत डॉक्टरकडून वैद्यकीय प्रक्रिया करताना झाला तर दोन वर्षांपर्यंत. जुन्या दंड संहितेच्या 304 अ मध्ये सगळ्यांनाच दोन होते. एक सिनियर सिस्टर उठल्या आणि विचारलं, "मग आम्ही कशात?" व्याख्येत तर फक्त डॉक्टर आहेत. कोणाकडे उत्तर नव्हतं, लीगलवाले खाली बघत बसले.

वर कोणीतरी अमेरिकेतल्या नॅशव्हिलची केस काढली. 2017 साली तिथल्या एका नर्सला झोपेचं व्हर्सेड काढायचं होतं, औषधाच्या कपाटाच्या कॉम्प्युटरवर तिने पहिली दोन अक्षरं टाइप केली, औषध सापडेना म्हणून ओव्हरराइड केलं आणि हातात आलं व्हेक्युरोनियम, जे श्वासाचे स्नायूच बंद करतं. पेशंट गेली. तिने स्वतः कबूल केलं होतं, आणि 2022 मध्ये तिला कोर्टाने दोषी धरलं, तीन वर्षं प्रोबेशन. हे ऐकल्यावर फॉर्म कोण भरणार.

एक तास चर्चा करून हाती काय, तर मेडिकल डायरेक्टर सरांनी लेखी दिलं की पेशंटला इजा झालेली नसेल तर रिपोर्टवरून मेमो निघणार नाही, आणि तो मे महिन्यातला मेमो मागे घेतला. हे दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ती सिस्टर मीटिंगमध्ये नव्हती, नाईटला होती, इन्चार्जनी तिला फोन करून सांगितलं.

11 जुलै

सिरिंजचा निर्णय झाला. दोन्ही वॉर्डात व्हायल फक्त 40 ची, सिरिंज फक्त लाल, केशरी सगळ्या परत. ग्लार्जिनची व्हायल बंद, ज्याला लागेल त्याला पेन, त्याच्या नावाचं, दुसऱ्याला वापरायचं नाही. पेनच्या कार्ट्रिजमधून सिरिंजने ओढायचं नाही हे मोठ्या अक्षरात लिहिलं, कारण पेनची सुई संपली की हे हमखास होतं आणि तिथे 100 आणि 40 ची गाठ परत पडते. स्टोअरच्या कॉम्प्युटरमधून "इन्सुलिन सिरिंज" हे नावच काढून टाकलं, आता "इन्सुलिन सिरिंज 40 लाल" असं लिहिल्याशिवाय इंडेंट पुढे जात नाही. परचेसच्या साहेबांनी रेटची कुरकुर केली पण केलं, क्रेडिट द्यायला हवं.

19 जुलै

वारीच्या बंदोबस्तात निम्मा स्टाफ इकडे तिकडे होता, आठवडा तसा वाया गेला. पण प्रिस्क्रिप्शनचं काम झालं.

ट्रीटमेंट शीटवर 10 च्या पुढे इंग्रजी यू लिहितात, तो घाईत शून्यासारखा दिसतो आणि 10 चे 100 होतात. हे जगभर माहीत असलेलं दुखणं आहे, उपाय पण साधा, पूर्ण "युनिट" लिहायचं. आम्ही शीटवरच छापून टाकलं, डॉक्टरांनी फक्त आकडा भरायचा. फोनवरची ऑर्डर परत वाचून दाखवायची, आकडा सुटा सुटा, "पंधरा, एक पाच". आरएमओ लोकांना पहिले दोन दिवस हसू यायचं.

अक्षराचं म्हणाल तर 2016 ला मेडिकल कौन्सिलने कॅपिटलमध्ये, वाचता येईल असं लिहा म्हणून काढलं होतं, आमच्याकडे एका सरांचं अक्षर फक्त खालचा मेडिकलवाला वाचू शकतो. नावांचा गोंधळ तर कोर्टात जाऊन आलाय, फाल्सिगो आणि फाल्सिटॅब, दोन्ही मलेरियाची पण आतलं औषध वेगळं, सुप्रीम कोर्टाने 2001 ला सांगितलं की औषधांच्या नावाच्या सारखेपणाला जास्त कडक कसोटी लावा, कारण इथे गोंधळ झाला तर जीव जातो.

2 ऑगस्ट

डबल चेक. कागदावर आधीपासूनच होता, दोन सह्या. प्रत्यक्षात पहिली भरते आणि म्हणते "दहा ना?", दुसरी लांबूनच "हो" म्हणते. याला चेक म्हणत नाहीत. एमआयसीयूत बदलून बघितलं. ड्रिपसाठी 50 मिलीत 50 युनिट टाकायचे असतात. दुसऱ्या सिस्टरला आकडा सांगायचाच नाही, तिने ऑर्डर बघून स्वतः म्हणायचं की 40 च्या व्हायलमधून किती मिली लागतील. 1.25. पहिल्या दिवशी एकीने 0.5 सांगितलं, ते 100 च्या व्हायलचं उत्तर, आधीच्या हॉस्पिटलमधल्या सवयीने. तिला कोणी काही बोललं नाही, पण सगळ्यांना कळलं की हा उपद्व्याप कशाला. आता लाल सिरिंज एकदा पूर्ण भरून 40, मग परत 10, दोघींनी मिळून मोठ्याने मोजायचं.

मोठ्यांना थांबवायचा प्रश्न मात्र तसाच. ट्रेनिंगमध्ये इंग्लंडची केस सांगितली, 2005 मधली. सायनसच्या साध्या ऑपरेशनसाठी आलेली बाई, भूल दिल्यावर श्वासनलिकेत नळी जाईना, तीन अनुभवी डॉक्टर परत परत प्रयत्न करत राहिले. नर्सेसना कळलं होतं, एकीने गळ्याला भोक पाडायचा सेट आणून ठेवला, एकीने आयसीयूचा बेड पण बघितला, पण "आता थांबा, हे करा" असं ठणकावून कोणालाच म्हणता आलं नाही. तिचा नवरा मार्टिन ब्रोमिली पायलट, तो कोणावर आरोप करत न बसता विमानात क्रूला जे शिकवतात ते हॉस्पिटलांत आणायच्या मागे लागला. विमानवाले शहाणे झाले ते 1977 ला टेनेरिफ बेटावर धावपट्टीवरच दोन विमानं धडकली त्यानंतर, 583 माणसं गेली आणि कॉकपिटमधल्या ज्युनियरला शंका आलेली होती.

यावर ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर म्हणाल्या की आमच्याकडे तर डब्ल्यूएचओची सर्जरीची चेकलिस्ट आहे की. आहे, पण तीन टप्प्यांच्या टिका एकदमच होतात, कधीकधी पेशंट रिकव्हरीत गेल्यावर. 2009 ला आठ शहरांचा अभ्यास आला होता, त्यात दिल्ली पण होती, मृत्यू 1.5 वरून 0.8 टक्क्यांवर आले. त्यामागचे अतुल गावंडे, वडील महाराष्ट्रातल्याच उटी गावचे. आणि कॅनडातल्या ओंटारिओत सरकारने सक्तीने तीच यादी लावली तर म्हणावा असा फरकच दिसला नाही, तो अभ्यास 2014 ला आला. कागद तोच होता. माझं मत असं की यादीतली सगळ्यात कामाची ओळ म्हणजे सगळ्यांनी नाव आणि काम सांगायचं ती, आणि आपल्याकडे नेमकी तीच गाळतात, "आम्ही एकमेकांना ओळखतो की" म्हणून.

आम्ही एक वाक्य ठरवलं, "सर, एकदा थांबून बघू या का." मेट्रन मॅडमनी सगळ्या कन्सल्टंटना सांगून ठेवलं की हे ऐकलं की हातातलं थांबवायचं, रागवायचं नाही. एका सरांनी विचारलं दिवसातून किती वेळा म्हणणार. मॅडम म्हणाल्या, जितक्या वेळा लागेल तितक्या.

28 ऑगस्ट

बारकोड सुरू. यावर सगळ्यात जास्त पैसे गेले आणि सगळ्यात जास्त डोकेदुखी. तत्त्व चांगलंय, मनगटावरची पट्टी स्कॅन करा, औषध स्कॅन करा, जुळलं तर द्या. बोस्टनच्या एका हॉस्पिटलच्या 2010 च्या अभ्यासात वेळेच्या चुका सोडून बाकीच्या चुका 41 टक्क्यांनी कमी झाल्या होत्या. व्हेंडरच्या माणसाने हा आकडा दर स्लाइडवर टाकला होता.

त्याच्या स्लाइडवर नव्हतं ते असं. कोपऱ्यातल्या खोलीत वायफाय येत नाही. स्कॅनरची बॅटरी दुपारी चारला संपते. सलाईन लावलेल्या हाताची पट्टी पांघरुणाखाली, झोपलेल्या माणसाला उठवायचं जिवावर येतं. मग चौथ्या दिवशी मला फाइलच्या आतल्या बाजूला जास्तीच्या पट्ट्या चिकटवलेल्या दिसल्या. स्टेशनवर बसून सगळे पेशंट एकदम स्कॅन, स्क्रीनवर सगळं हिरवं. अमेरिकेत 2008 ला यावरच अभ्यास झाला होता, अशा पंधरा तऱ्हेच्या पळवाटा सापडल्या होत्या, म्हणजे आमच्या सिस्टरनी काही नवीन शोध लावला नाहीये. सॉफ्टवेअरवाल्याला राग आला, "युजर शिस्त पाळत नाहीत". मी त्याला वॉर्डात घेऊन गेले आणि म्हटलं आता तू स्कॅनर धर आणि सात वाजताचे इन्सुलिन संपव. दुसऱ्या पेशंटलाच तो फाइल शोधायला लागला.

मग बदल पटापट झाले. जास्तीची पट्टी छापायची सोय बंद, छापली तर जुनी आपोआप रद्द. दोन बॅटऱ्या. कोपऱ्यात एक राउटर. आणि मुख्य म्हणजे इन्सुलिनच्या ऑर्डरचा रकाना, त्यात आधी "मिली" हे एकक आपोआप येत होतं, बाकीच्या इंजेक्शनांसारखं! मिली काढून युनिट केलं. आधी दर डोसला चार वॉर्निंग यायच्या, सगळे न वाचता ओके दाबायचे, आता दोनच येतात, शुगर 70 च्या खाली असेल तर आणि डोस कालच्या दुपटीपेक्षा जास्त असेल तर.

बारकोड सिरिंज ओळखत नाही हे मात्र कायम लक्षात ठेवायला हवं. व्हायल बरोबर, पेशंट बरोबर, स्क्रीन हिरवी, आणि सिरिंज केशरी असली तर मे महिन्यातलंच परत.

17 सप्टेंबर

आज जागतिक रुग्ण सुरक्षा दिवस, 2019 पासून असतो, आणि आजच अनंत चतुर्दशी. पोस्टर लावून भाषण करायचा प्लॅन होता, कॅज्युअल्टीत विसर्जनाची गर्दी बघून गुंडाळला. ढोलपथकातली चक्कर आलेली पोरं, पायावरून ट्रॉलीचं चाक गेलेला एक, आणि दिवसभर उपाशी राहून मिरवणुकीत आलेले डायबिटीसवाले.

रात्री मेडिसिनला एजन्सीचा नवीन ब्रदर (पुरुष नर्स) होता. पेशंटच्या मुलाने बाहेरच्या मेडिकलमधून इन्सुलिन आणि सिरिंज आणून दिल्या होत्या, वॉर्डातल्या वापरल्या की बिलात लागतात म्हणून. व्हायल 40 ची, सिरिंज केशरी. ब्रदरने भरलं, चेकला आलेल्या सिस्टरने नळीवरचा आकडा बघितला आणि थांबवलं. थांबवलं ते छानच, पण आम्ही स्टोअर बंद केलं, इंडेंट बंद केलं, आणि हे रस्त्यापलीकडून पिशवीतून आत आलं. याचा विचारच कोणी केला नव्हता. ब्रदरने स्वतः फॉर्म भरला, नाव लिहून. इन्चार्जनी त्याला चहा पाजला.

27 सप्टेंबर

नातेवाईकांकडून इन्सुलिन सिरिंज घ्यायची नाही, वॉर्डातलीच वापरायची, आणि ती बिलात लावायची नाही. अकाउंट्सने बराच हिशोब केला आणि शेवटी मान्य केलं. समोरच्या मेडिकलवाल्या काकांना पण भेटून आले. ते म्हणाले, "मॅडम, गिऱ्हाईक इन्सुलिनची सुई द्या म्हणतं, मी जी असेल ती देतो, डॉक्टर कुठे लिहितात 40 का 100." खरंय.

9 ऑक्टोबर

फॉर्म यायला लागलेत, बहुतेक छोटे, बरेच नाईटचे. आजवर केशरी सिरिंज वॉर्डात परत दिसली ती त्या एका पिशवीतूनच. पण डिस्चार्जचं काय हा मोठा प्रश्न काकांच्या बोलण्यातून निघाला. माणूस गावाला जातो, तिथे जी सिरिंज मिळेल ती घेतो, आणि मग ओपीडीत "शुगर कंट्रोलच होत नाही" म्हणून परत येतो, आणि आपण डोस वाढवतो. म्हणून डिस्चार्ज कार्डावर इन्सुलिनच्या नावाखाली सिरिंजचा आकडा आणि रंग छापायचा, आणि सुट्टीच्या आधी घरी जो टोचणार त्याच्याकडून एकदा स्वतःच्या हाताने भरून घ्यायचं, नुसतं "समजलं ना" विचारायचं नाही.

प्रिंटिंगवाल्याने प्रूफ पाठवलंय, दोन्ही टोप्यांची चित्रं काळी-पांढरी. रंगीत पाहिजे म्हटलं तर म्हणतो दिवाळीची कामं चालू आहेत, वीस तारखेनंतर. तोवर आतल्या कार्डांवर लाल स्केचपेनने आम्हीच टोप्या रंगवतोय, मावशी पण बसल्यात मदतीला.